पाच फोटो, एकच डबा

आईला पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा तिचं वजन ५४ किलो होतं. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात चालत नाही, घरी सांभाळणं जमेना. महिन्याचे २८ हजार, शिवाय 'प्रोटीन डाएट आणि भरवायला माणूस' याचे साडेचार हजार वेगळे. मी निमूट भरत गेलो. पैसे भरले की मनातली टोचणी कमी होते, हे अशा लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

दर रविवारी चार वाजता व्हिडिओ कॉल. केस विंचरलेले, गळ्यापर्यंत शाल, कॅमेरा चेहऱ्याखाली कधी उतरलाच नाही. महिन्याला एक फोटो यायचा, आईच्या मांडीवर प्रोटीन पावडरचा डबा. बोलताना तिची कवळी टकटक वाजायची. मला वाटलं, जुनी झाली असेल. माणूस वाळला की कवळी सैल होते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

पाचव्या महिन्यात ताई न कळवता भर जेवणाच्या वेळी जाऊन धडकली. पाण्यासारखी आमटी, थोडा भात, एक पोळी. आई डाव्या हाताने कशीबशी चार घास खाते न खाते तोच ताटं उचलायला सुरुवात. भरवायला माणूस? "त्या खातच नाहीत हो, वयच आहे ना!" आईच्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. वजनाच्या वहीत पाचही महिने ५४, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. मग ताईने फोनमधले पाचही फोटो शेजारी ठेवून पाहिले. डबा एकच, झाकणाला डावीकडे तोच पोचा. कपाटातून काढायला लावला, तर सील शाबूत.

बाहेरच्या काट्यावर आई ४५.५ किलो भरली, तेही पावलांवर सूज असताना, म्हणजे खरं वजन आणखी कमी. सहा महिन्यांत दहा टक्के घटलं तरी डॉक्टर धोका मानतात. हे तर जवळजवळ सोळा. त्यांनी पोटरीचा घेर मोजला. ३१ सेंटिमीटरच्या खाली गेला की कुपोषणाचा संशय घ्यायचा असतो. आईचा २७ भरला. माकडहाडाजवळची कातडीही लाल झाली होती. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर तिथे जखमच दिसली असती.

तुमचं माणूस कुठे ठेवलं असेल तर कॉलवर हात आणि पोटऱ्या दाखवायला सांगा. भेटीला जाताना वजनकाटा बरोबर न्या, आणि फोन न करता जेवणाच्या वेळीच जा. ताट समोर आलं यावर जाऊ नका, उचलताना त्यात किती उरलंय ते पाहा. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, आम्हाला तिचा पत्ताच नव्हता.

व्यवस्थापक दोन महिन्यांचे पैसे परत द्यायला तयार आहेत, फक्त 'काहीही तक्रार नाही' असं लिहून हवंय म्हणे. आम्ही अजून सही केलेली नाही.