खाऱ्या पाण्याची जुनी टाकी घेतली आणि पाणी बिघडलं: समुद्राचं पाणी, नळाचं की आरओचं?

चालू मरीन टाकी, म्हणजे समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, कुणाकडून तरी विकत घेतली, वाळू-दगडांसकट टेम्पोतून घरी आणून मांडली आणि चार-सहा दिवसांत मासे वर येऊन धापा टाकायला लागले, ही तक्रार सांगली-मिरजेत पुन्हा पुन्हा कानावर येते. कारण बहुतेक वेळा अमोनिया असतं, म्हणजे माशांच्या घाणीतून आणि कुजणाऱ्या गोष्टींतून पाण्यात साचणारं विष. हलवाहलवीत तळाची वाळू ढवळली जाते, लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले समुद्री दगड) कोरडे पडून त्यावरचे जीव मरतात, फिल्टर बंद राहून त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू दगावतात. मग दुकानदार जिवाणूंची किंवा कंडिशनरची एक बाटली सुचवतो, मित्र दुसरी. कुठली बाटली घ्यायची हे नंतर बघा. पाणी कुठलं भरायचं हे आधी ठरवा, कारण पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच पाण्याने करायची आहे.

आधी तातडीचं. निम्मं पाणी बदललं की अमोनिया तिथल्या तिथे निम्मा होतो. जिवाणूंची बाटली मदत करते, पण अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारी वसाहत पक्की बसायला नव्या टाकीत साधारण ४ ते ६ आठवडे जातात. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर एक-दोन दिवसांची सवड देतं. ते घातल्यावरही बऱ्याच टेस्ट किटमध्ये रंग तसाच दिसतो, कारण बांधलेला अमोनियाही त्यात मोजला जातो; तेव्हा घाबरून डोसावर डोस देऊ नका. गोड्या पाण्यातल्या अनुभवावर इथे विसंबता येत नाही: पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणाचं माप) ७.२ वरून ८.२ वर गेला की अमोनियातला विषारी भाग जवळपास दहापट होतो. म्हणून जुन्या टाकीचा पीएच ७.६ पर्यंत उतरलेला असेल, तर आधी कंडिशनर घाला आणि मग ८.३ पीएचचं ताजं पाणी हळूहळू सोडा. नायट्राइटची मात्र तेवढी धास्ती नको. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे तो कल्ल्यांतून फारसा आत जात नाही.

रत्नागिरी-गुहागरहून आणलेलं समुद्राचं पाणी

मोह होतो, कारण ते फुकट आहे आणि त्यात सगळे क्षार आयते असतात. सांगलीहून आंबा घाट उतरून रत्नागिरी, किंवा साताऱ्याहून पाटण-कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि पुढे गुहागर. दोनशे लिटरची टाकी निम्मी बदलायची तर वीस लिटरचे पाच कॅन, म्हणजे शंभर किलोहून जास्त वजन, घाट चढून आणायचं. तेही कुठूनही भरून चालत नाही. मिरकरवाडा बंदराजवळ बोटींचं डिझेल असतं, भाट्याच्या खाडीत नदीचं पाणी मिसळतं. उघड्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी भरायचं. जून ते सप्टेंबर विषयच सोडा; नद्यांच्या लोंढ्याने किनाऱ्यालगतचा खारेपणा घटतो आणि गाळ येतो.

खरी अडचण त्यानंतरची. बंद कॅनमध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात, कुजतात आणि तिथेच अमोनिया तयार होतो. जाड कापडातून गाळून, अंधारात, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून काही आठवडे ठेवलं आणि तपासलं तर ते पाणी उत्तम होतं. पण आज मासे धापा टाकत असताना ते कामाचं नाही.

नळाचं किंवा बोअरचं पाणी, त्यात समुद्री मीठ

इथे सांगली आणि सातारा वेगळे. साताऱ्यात ज्या भागात कासचं पाणी येतं ते पठारावर साठलेलं पावसाचं पाणी, क्षार कमी. क्लोरीन काढून, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजून, फक्त मासे असलेल्या टाकीला ते चालू शकतं. सांगलीत नळाला कृष्णेचं पाणी. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की तुरटी आणि क्लोरीनचा डोसही वाढतो. क्लोरीन माशांचे कल्ले भाजतं आणि फिल्टरमधले जिवाणू मारतं, म्हणजे ज्यासाठी पाणी बदललं तेच मुळातून उखडतं. अँटीक्लोरीन घातल्याशिवाय एक बादलीही टाकीत जाऊ देऊ नका.

बोअरचं पाणी मी कुणालाच सुचवणार नाही. मिरज, पलूस, वाळवा पट्ट्यात उसाला दिलेल्या पाण्याने आणि खतांनी जमिनी क्षारपड झाल्या, आणि तेच जमिनीतलं पाणी बोअरमधून वर येतं. कित्येक जण दर रविवारी पाणी बदलतात आणि नायट्रेट का उतरत नाही म्हणून माशांचं खाणं तोडतात. त्यांनी बोअरचं कोरं पाणी एकदा नायट्रेटच्या किटने तपासावं. शिवाय आपल्या काळ्या कातळातल्या पाण्यात सिलिका असते. काचेवर, वाळूवर पुन्हा पुन्हा येणारा तपकिरी थर तिच्यावर पोसतो.

आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ

माझं मत याच बाजूला आहे, पण घरातल्या मशीनचं पाणी जसंच्या तसं घेऊ नका. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो. तो कच्चं पाणी पुन्हा मिसळतो. त्याहून वाईट म्हणजे कॉपरचं कार्ट्रिज. माणसाला तांबं मानवतं. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना अगदी थोडंही मारतं. मेंब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) निघालेलं पाणी या दोन्हींच्या आधीच वेगळ्या नळीने काढून घ्या आणि पुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. टीडीएस मीटरवर शून्याच्या जवळपास आकडा आला पाहिजे. जारचं पाणी चालतं, मात्र प्रत्येक जार मोजून. (तांब्यावरून आठवलं: आधीच्या मालकाने टाकीत कॉपरचं औषध वापरलं होतं का, हे विचाराच. ते दगडात मुरून राहतं.)

मीठ मरीन टाकीसाठीचंच हवं. स्वयंपाकाच्या मिठात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट कुठून येणार? लिटरला ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो. ड्रममध्ये आधी पाणी, मग ढवळत ढवळत मीठ. उलटं केलं तर चुना साकळतो. पंप लावून रात्रभर फिरू द्या. २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या तुलनेत जडपणा, यावरून खारेपणा कळतो) १.०२५ ते १.०२६ आलं आणि तापमान टाकीशी जुळलं की मगच वापरा. मासे असलेल्या टाकीत कोरडं मीठ थेट टाकू नका.

खर्च यातच सर्वांत जास्त, शिवाय आरओचं बरंचसं पाणी वाया जातं. ते फरशी पुसायला ठेवा. तरी सांगलीत राहून प्रवाळ ठेवायचे असतील तर मला दुसरा मार्ग दिसत नाही. नुसते क्लाउनफिश असतील आणि घर साताऱ्यात, तर आधी नळाचं पाणी मोजून बघा, मशीनचे पैसे कदाचित वाचतील. समुद्राचं पाणी त्यांनी घ्यावं ज्यांचं कोकणात जाणं-येणं असतं आणि ज्यांच्याकडे झाकणाचा ड्रम ठेवायला अंधारी जागा आहे.

कुठलंही पाणी निवडा, रोज उडून जाणाऱ्या पाण्याची भर मात्र मीठ नसलेल्या आरओच्या पाण्यानेच करा. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहतं. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, वरून गारव्यासाठी पंखा लावलेला असतो, तेव्हा पातळी भराभर उतरते. काचेवर पट्टीची खूण करून ठेवा आणि रोज तिथपर्यंत भरा.