३८ टक्के, ४६ टक्के आणि वीस रुपयांचा टेप : दिव्यांग दाखला आणि निराधार योजना, दीड वर्षाच्या वापरानंतर

मागच्या महिन्यात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आले नाहीत म्हणून तहसीलला भांडायला गेलो आणि भांडण हरून परत आलो. कसं हरलो ते पुढं येईल. पण तिथं रांगेत मागं उभा असलेला एक पोरगा विचारत होता, "काका, आमच्या अण्णांचं छत्तीस टक्के आलंय. आता संपलं का?" संपलं नाही, पण रांगेत उभ्या उभ्या सांगून होण्यासारखंही नाही. म्हणून हे लिहितोय. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगाचं सरकारी कार्ड, आणि दाखल्यावर चाळीस टक्के दिव्यांगत्व नसेल तर एसटीची सवलत नाही, निराधार नाही. बाकीचं ज्याच्यावर हे वाचायची पाळी आलीय त्याला ठाऊकच असणार. ते सोडून देतो.

मी माणदेशातला टेलर. २०२२ ला टेम्पोनं उडवलं, उजवी मांडी मोडली. हाड जुळलं, पण एकावर एक चढून जुळलं. गुडघा निम्म्यापुढं वाकत नाही आणि पाय दीड इंच आखूड. हे दीड इंच मी कुणाला विचारून सांगत नाही. बावीस वर्षं माणसांची मापं घेतोय, आणि अपघातानंतर स्वतःच्या सगळ्या पँटी उजव्या पायाला दीड इंच कमी शिवतोय.

जुलै २०२४ ला सायबरमध्ये बसून दिव्यांग दाखल्याच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला. हे काम सोपं आहे. एकच चूक करू नका. सायबरच्या पोरानं घाईत स्वतःचा मोबाईल नंबर टाकला, आणि मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे तपासणीच्या, तारखेचा मेसेज त्याच्याकडं पडून राहिला. एक तारीख त्यात गेली.

बोर्ड जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात. एसटीनं ६२ किलोमीटर, तेव्हा ९५ रुपये. बायको सोबत होती, तिला २०२३ पासून अर्धं तिकीट. पाय माझा गेलाय आणि पूर्ण तिकीट मला, यावर ती एसटीत बसल्यापासून उतरेपर्यंत हसत होती.

आता मुख्य तक्रार. हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत मला बाकावर बसवलं. पँट वर करा म्हणाले, केली. गुडघा वाकवून पाहिला, एक पाय दाबून "ढकला" म्हणाले, ढकलला. एक्स-रे उजेडाकडं धरला. झालं, जा. मी म्हटलं, "साहेब, पाय आखूड आहे, मोजा की." "दिसतंय, दिसतंय" म्हणाले. दिसतंय म्हणजे? मी गिऱ्हाइकाला नुसतं बघून "चौतीस कंबर दिसतेय" म्हणत कापड कापलं, तर तो दिवाळीला पँट माझ्या तोंडावर फेकेल. त्या खोलीत वजनकाटा होता, उंचीची पट्टी होती, भिंतीवर दोन कॅलेंडरं होती. टेप नव्हता. बाजारात वीस रुपयाला मिळतो. माझ्या गळ्यात कायम एक असतो, त्या दिवशी नेमका बायकोनं काढून ठेवायला लावला होता, "अहो, दवाखान्यात काय टेप घालून जाता."

दाखला आला ३८ टक्के. कार्ड पांढरं. कुणी "नाही" म्हटलं नव्हतं हे लक्षात घ्या. दाखला दिला होता, फक्त त्या दाखल्यानं काही होत नव्हतं. चाळीसच्या आत एसटीची ७५ टक्के सवलत नाही, निराधार नाही. तरी सेतूवाल्यानं "टाकून तर बघू" म्हणत संजय गांधी निराधारची फाईल केली. उत्पन्नाचा दाखला ४२ हजारांचा होता. दिव्यांगांना मर्यादा ५० हजारांची आहे, म्हणजे तिथं बसत होतो. रेशन कार्ड, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, सगळं जोडलं. फाईल परत आली. शेरा चार शब्दांचा : दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांपेक्षा कमी.

त्या रात्री कुणी मला विचारलं असतं तर या सगळ्या कारभाराला मी शून्य तारे दिले असते, आणि डॉक्टरांना त्याच्याही खाली.

वाडीतल्या एका निवृत्त तलाठ्यानं सांगितलं, आधी भांडू नको, कागद मागव. टक्के कसे काढले तो मूल्यमापनाचा तक्ता माहिती अधिकारात माग. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज टाकला. तीस दिवस गेले, उत्तर नाही. मग २० रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. त्यानंतर आठ दिवसांत फोन आला, कागद तयार आहेत, चार पानांचे आठ रुपये भरा. तलाठी म्हणाले, एक रुपया देऊ नको, मुदत उलटली की माहिती फुकट द्यायची असं कायद्यातच आहे. मी आठ रुपयांसाठी टेबलापुढं वीस मिनिटं उभा राहिलो. क्लार्क म्हणाला, "काका, आठ रुपयांसाठी?" म्हटलं, आठ रुपयाला अजून एक रीळ येतं. फुकट घेतली. दीड वर्षात मला सगळ्यात जास्त आनंद त्या दिवशी झाला, पैसे आले त्या दिवशीसुद्धा एवढा नाही.

आणि मग तो तक्ता वाचला, आणि इथं मला मत बदलावं लागलं.

तक्त्यात सांध्याच्या हालचालीचे आणि ताकदीचे मिळून ३० धरले होते, आणि पाय रोवून उभं राहणं, चालणं, जिना यांचे १२. मी म्हटलं, तीस आणि बारा बेचाळीस, यांना बेरीज येत नाही का? तलाठ्यांनी भाच्याला विचारलं, तो फिजिओथेरपी शिकतो. त्यानं सांगितलं की पायाच्या बाबतीत दोन आकडे सरळ मिळवत नाहीत. नव्वदमधून मोठा आकडा वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. नव्वदातून तीस गेले साठ, साठ गुणिले बारा सातशे वीस, भागिले नव्वद आठ. तीस आणि आठ, अडतीस. बरोबर. डॉक्टरांचं गणित पैशापैशानं बरोबर होतं. चार महिने मी त्या माणसाला चहाच्या टपरीवर, एसटीत आणि देवळात शिव्या घातल्या होत्या.

पण त्याच तक्त्यात खाली एक ओळ होती. आखूडपणा : निल.

टेप नाही, म्हणून निल. दुखणं, वाकडेपणा, आखूडपणा यांचे गुण वेगळे असतात आणि ते वरून मिळवतात. आखूडपणात पहिल्या अर्ध्या इंचाला काही नाही, त्यापुढच्या प्रत्येक अर्ध्या इंचाला चार. माझा दीड इंच, म्हणजे मोजण्यासारखे दोन अर्धे, म्हणजे आठ. ३८ आणि ८ किती, हे सांगायला भाचा लागला नाही.

अपील हा शब्द ऐकून वकील शोधत फिरू नका. मी फिरलो, एकानं दोन हजार सांगितले, तसाच माघारी आलो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५८ दाखल्याचं आणि कलम ५९ अपिलाचं. साध्या कागदावर अर्ज केला : दाखल्याचा नंबर, तक्त्यातली कुठली ओळ चुकीची, का चुकीची, आणि फेरतपासणी करा. "अन्याय झाला", "गरीब माणूस आहे" असलं काही लिहिलं नाही. तलाठ्यांनी मला पहिला मसुदा फाडायला लावला, त्यात दीड पान नुसता राग होता. सोबत दोन्ही पायांचा कमरेपासून खालपर्यंत एका लांबीत काढलेला एक्स-रे जोडला, आणि दोन प्रतींवर आवक नंबर घेतला. शिक्का इतका फिकट मारला की तारीख ३ आहे की ८ कळेना. परत मारून घेतला.

फेरतपासणी मे २०२५ ला, दुसऱ्या शहरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात. या वेळी टेप खिशात घेऊन गेलो होतो. काढायची गरज पडली नाही. तिथल्या बाई डॉक्टरांनी आडवं झोपवलं, दोन्ही पाय सारखे केले, कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत दोन्हीकडं मोजलं. मग उभं करून उजव्या पायाखाली लाकडी फळ्या सरकवत गेल्या, कंबर सरळ होईपर्यंत. तीन फळ्या बसल्या, प्रत्येक अर्ध्या इंचाची. मी म्हटलं, "मॅडम, पँटसुद्धा बघा." त्यांनी दोन्ही पायांच्या शिलाया जुळवून बघितल्या आणि शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवल्या. कपडे कुणी शिवले म्हणून विचारलं. माझ्या कामाचं कौतुक करणारं हे पहिलं सरकारी कार्यालय.

बाकीचे आकडे तसेच ठेवले. ४६ टक्के. कार्ड पिवळं आलं. त्या दिवशी परतीच्या एसटीत ते दाखवायला हातात नव्हतं, पण पुढच्या फेरीला दाखवलं. भाडं तोवर वाढून १११ झालं होतं, मला २८ पडले आणि बायकोला त्याच्या दुप्पट. ती म्हणाली, झालं समाधान?

निराधारची फाईल नव्यानं केली. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत मधेच संपली होती, तो परत काढला. तालुक्याच्या समितीची बैठक लागेपर्यंत थांबावं लागतं, त्यात कुणाच्या ओळखीचा उपयोग होतो असं सांगणारे दोघं भेटले, दोघांनाही पैसे दिले नाहीत, फाईल तरी मंजूर झाली. सप्टेंबरला पहिले १,५०० आले. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना २,५०० झाले. दीड वर्षातला एसटी, झेरॉक्स, तिकिटं, सायबर आणि चहा धरून माझा खर्च मापाच्या वहीत २,८६६ लिहिलाय, म्हणजे दुसऱ्या हप्त्यातच फिटला. बुडालेले अकरा दिवस त्यात धरले नाहीत. ते धरले तर हिशेब बघवत नाही.

आता मागच्या महिन्याचं भांडण. पैसे आले नाहीत. पासबुक घेऊन तहसीलला गेलो, आवाज चढवला, माहिती अधिकार, कलम ५९, जे काय शिकलो होतो ते सगळं बाहेर काढलं. टेबलावरच्या ताईंनी शांतपणे आधार नंबर टाकला आणि म्हणाल्या, "काका, पैसे जमा आहेत. दुसऱ्या खात्यात." दिवाळीनंतर पोस्टमन दारात अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता, मी त्याच्याकडं एक खातं काढलं होतं, आणि आधार त्याला जोडलं गेलं. हे पैसे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात, फॉर्मवर कुठल्या बँकेचं नाव लिहिलंय ते बघत नाहीत. २,५०० तिथं सुरक्षित पडले होते. ताईंची माफी मागितली. नवं खातं काढण्याआधी हे लक्षात ठेवा, आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो तेही.

तेव्हा छत्तीस टक्केवाल्या पोरा, आधी अण्णांचा तक्ता मागव. कुठल्या ओळीत निल आहे ते बघ. गणित चुकलंय असं धरून चालू नकोस, कदाचित गणित बरोबर असेल आणि मोजायचंच राहिलं असेल. कदाचित छत्तीस खरंच छत्तीस असेल, तेही कागदावरून कळेल.

एक राहिलं. परवा चुलतभावाला घेऊन त्याच पहिल्या रुग्णालयात गेलो होतो. जाताना बाजारातून नवा टेप घेतला आणि त्या खोलीतल्या सिस्टरांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, "हा इथं असू द्या." त्यांनी काही विचारलं नाही. भावाचं होईपर्यंत तासभर गेला. परत येऊन बघतो तर सिस्टर खुर्चीवर चढून त्याच टेपनं खिडकीचं माप घेत होत्या. खाली उतरून म्हणाल्या, "तुम्ही टेलर ना? या खोलीचे पडदे शिवून द्याल का?" मी दर सांगितला, आणि निम्मे पैसे आधी घेतो हेही सांगितलं.