हाताचे पॅडल: आठ महिने वापरल्यावर

मी पोहायला शिकलो औसा तालुक्यातल्या आमच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. डोकं वर, मान ताठ, हात पाण्यावर आपटत. चाळिशी उलटल्यावर लातूरला टँकवर जायला लागलो, तरी विहिरीतला तो हात सुटेना. सर रोज काठावरून सांगायचे, "आपटू नका, पाणी धरा." पाणी धरणं म्हणजे काय, हे मला पॅडलनं, म्हणजे पोहताना तळहातावर बसवायच्या प्लास्टिकच्या चपट्या फळीनं शिकवलं. पण आधी खांदा दुखवून घेतला.

पहिली जोडी मी मोठी घेतली, पंजाच्या जवळपास दीडपट. जोर वाढेल असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात रोज हजार मीटर ओढले आणि तिसऱ्या आठवड्यात शर्ट घालताना उजवा हात वर जाईना. आता कारण कळतं. माझा हात अंगठ्याच्या बाजूनं पाण्यात शिरायचा, त्यानं खांदा आत वळतो, आणि त्याच अवस्थेत रुंद फळीवर पाण्याचा सगळा भार यायचा. दीड महिना पोहणं बंद. टँक भरलेला असताना काठावर बसून राहणं फार जिवावर आलं. 2016 साली याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. इथं भरलेल्या टँकचं मोल वेगळंच आहे.

दुसरी जोडी पंजापेक्षा बोटभरच मोठी. सरांनी मनगटाचा पट्टा काढून टाकायला लावला, फक्त मधल्या बोटाची नळी ठेवली. इथून खरी गंमत सुरू झाली. हात वाकडा शिरला किंवा ओढताना कोपर खाली पडलं, की तळवा आणि फळी यांच्यात पाणी घुसतं आणि पॅडल हातावरून उचकटतं. सुरुवातीला 25 मीटरच्या एका फेरीत तीन-चार वेळा निसटायचं. सरांनी समजावून जे होत नव्हतं, ते या निसटण्यानं झालं: कोपर वर ठेवायचं, बोटं तळाकडे वळवायची आणि तळव्यासह पूर्ण कोपरापर्यंतच्या हातानं पाणी मागं ढकलायचं. एका फेरीला मला 24 हात लागायचे, आता पॅडल न घालताही 20 लागतात.

अठराव्या शतकातले अमेरिकन शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी अंगठ्यासाठी भोक ठेवलेल्या लंबगोल फळ्या करून पाहिल्या होत्या, सुमारे 10 इंच लांब आणि 6 इंच रुंद. वेग वाढला, पण मनगटं थकली, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मोठ्या फळीचं दुखणं इतकं जुनं आहे.

आता आठवड्यातून दोनच दिवस वापरतो, अंग पूर्ण मोकळं झाल्यावर, दीड हजारात तीनशे मीटर. दर शंभर मीटर पॅडलवर झाले की लगेच पन्नास मोकळ्या हातानं. हे पन्नास सोडू नका. पॅडल काढल्यावर तळहात रिकामा वाटतो, पाणी निसटतंय असं भासतं, आणि ते परत पकडायला शिकण्यातच सगळा फायदा आहे. खांद्यात कळ आली तर तिथंच थांबा. नुकतंच पोहायला शिकणाऱ्यांनी तर घेऊच नये.

प्लास्टिक चांगलं टिकलंय. रबरी नळी मात्र क्लोरीन आणि आपल्याकडच्या उन्हानं पाच महिन्यांत कडक होऊन तुटली. मेडिकलमधून तशीच नळी आणून कापून बसवली. वापरल्यावर साध्या पाण्यात खळबळून सावलीत ठेवतो. गावच्या विहिरीत आता नेत नाही. आठ-दहा हातांत काठ येतो, आणि एकदा कातळावर आपटून उजव्या पॅडलचा कोपरा चिरलाय.