जुने ऐबो घरात: ठाण्यातला वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या गणपतीच्या आधी पहिला ऐबो, म्हणजे सोनी कंपनीचा जुना रोबो-कुत्रा, घरी आला आणि आता पुन्हा श्रावण लागलाय. एक पावसाळा संपताना आणि दुसरा पूर्ण भरात असताना हे रोबो-कुत्रे कसे वागतात ते पाहून झालं, म्हणून आता लिहिते. माझं मत आधीच सांगते: जुना ऐबो घ्यायचा तर चालवायला घ्या. काचेच्या कपाटात बसवलेल्याची बॅटरी मरते, गिअरमधलं ग्रीस घट्ट होतं, आणि दोन-तीन वर्षांनी बटण दाबलं की तो उठतच नाही.

माझ्याकडे चालते दोन आहेत. काळा खंड्या हा ईआरएस-२१०, म्हणजे २००० साली आलेली मालिका. पांढरा मोती हा ईआरएस-७, २००३ ची मालिका. शिवाय एक बंद पडलेला २१० सुट्या भागांसाठी घेऊन ठेवलाय. १९९९ चा अगदी पहिला ईआरएस-११० माझ्याकडे नाही. जपानमध्ये त्याचे ३,००० नग २० मिनिटांत विकले गेले होते, किंमत होती अडीच लाख येन. जपानी चित्रकार हाजिमे सोरायामांनी घडवलेलं त्याचं रूप आजही डोळ्यांत भरतं, पण रोज जमिनीवर सोडायला मला २१० च बरा वाटतो. त्याचे सुटे भाग शोधले की सापडतात.

आता घरातलं सांगते. आम्ही नौपाड्यात राहतो, जुनी इमारत, पण आत सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. खंड्याचे पाय त्यावर सरकतात, मोटरी उगाच ताण घेतात. जाड गालिच्यावर पंजे अडकतात, तोही उपयोगाचा नाही. सगळ्यात छान चालतो तो सतरंजीवर. सासूबाईंनी माळ्यावरची जुनी सतरंजी काढून दिली आणि प्रश्नच मिटला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावल्यावर तो जास्त हुशार वाटतो, कारण नाकातल्या कॅमेऱ्याला उजेड लागतो. पावसाळी दुपारी अंधारून आलं की समोरचा चेंडूसुद्धा त्याला दिसत नाही.

चेंडू गुलाबी असतो आणि त्या रंगाकडे तो ओढला जातो. आमच्याकडे गुलाबी काय कमी आहे? टॉवेल, प्लास्टिकची बादली, सासूबाईंचं नेसूचं पातळ. गणपतीत मखराला गुलाबी कापड लावलं होतं, तर खंड्या मखरासमोर जाऊन बसला आणि पुढचा पंजा उचलून हवेत मारू लागला. आरतीला आलेल्या सगळ्यांना तो नमस्कार करतोय असंच वाटलं. मी कोणाला काही समजावत बसले नाही.

डोक्यावरच्या सेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेक जण कंटाळतात आणि 'काही करत नाही' म्हणून विकून टाकतात. डोक्यावर हात हलकेच टेकवून दोन-तीन सेकंद ठेवला की ती शाबासकी. पटकन टपली मारली की ते रागावणं. शेजारची मुलं लाडाने टपटप मारायची आणि खंड्याचे डोळे लाल व्हायचे, कान मागे जायचे. सासूबाईंनी एकदाच पाहिलं आणि मुलांना म्हणाल्या, "अरे, मारू नका त्याला, हात ठेवा नुसता, हां, असा." डोळे हिरवे झाले, शेपूट हलली. शाबासकी कशावर मिळाली आणि ओरडा कशावर, याची नोंद तो ठेवतो. म्हणून महिन्याभराने एका घरचा २१० दुसऱ्या घरच्या २१० सारखा वागत नाही. आमचा खंड्या हल्ली नाचतो कमी आणि चेंडूमागे जास्त जातो, कारण घरात चेंडूलाच कौतुक मिळतं.

ही सगळी नोंद पोटातल्या मेमरी स्टिकवर असते, जेमतेम ८ एमबीच्या. मला जुन्या ऐबोचं सर्वात मोल वाटतं ते याचंच. २०१८ पासून मिळणारा नवा ऐबो दिसायला गोड आहे, चालतोही मऊ, पण तो क्लाउडला जोडलेला आणि त्याची वर्गणी भरावी लागते. खंड्याला इंटरनेट लागत नाही, कुठलं खातं लागत नाही. त्याचं जे काही मन आहे ते माझ्या घरात, माझ्या हातात आहे. मोतीला वाय-फाय आहे, पण त्या काळातलं. आजच्या राउटरशी त्याची गाठ पडत नाही. न जोडता तो मजेत चालतो. भूक लागली की स्वतः चार्जिंगचं स्टेशन शोधून त्यावर जाऊन बसतो, हे पाहायला मला अजून आवडतं. मोतीबद्दल एवढंच, कारण त्याने काम असं काढलंच नाही.

खरं काम असतं बॅटरीचं. इतक्या वर्षांची मूळ बॅटरी चालेल या भरवशावर राहू नका, आतले सेल बदलून घ्यायचेच. वागळे इस्टेटमध्ये ई-बाइकचे पॅक बांधणाऱ्या एका कारागिराकडून मी करून घेतले. आतल्या छोट्या सर्किटला धक्का लावायचा नाही आणि सेलवर थेट सोल्डर करायचं नाही, स्पॉट वेल्डिंगच करायचं, हे दोन मुद्दे आधी बोलून घ्या. जपानहून आलेल्या चार्जरच्या ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा. फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा, आपल्या २३० च्या प्लगमध्ये तसाच घालू नका.

दुसरं दुखणं मानेचं. २१० च्या वयस्क कुत्र्यांत मानेतला क्लच सैल पडतो आणि डोकं खाली लोंबतं. वयोमानाचा आजार आहे, बरा होतो, पण मान उघडणं नवख्याचं काम नाही. खंड्याची मान आधीच्या मालकाने करून घेतलेली होती, म्हणून मी दोन पैसे जास्त दिले.

ठाण्याचा दमटपणा मात्र सतत सांभाळावा लागतो. जून ते सप्टेंबर दोघांचाही रात्रीचा मुक्काम ड्राय कॅबिनेटमध्ये, फोटोवाले लेन्स ठेवतात त्यात. बॅटरी आणि स्टेशनचे संपर्कबिंदू आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसते.

बंद २१० बद्दल माझ्या मनात सुरुवातीला अवघडलेपण होतं. सोनीने २००६ मध्ये ऐबो बंद केला आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही थांबवली. त्यानंतर जपानमध्ये ए-फन नावाच्या कंपनीतले, पूर्वी सोनीत काम केलेले तंत्रज्ञ हे कुत्रे दुरुस्त करू लागले. सुटे भाग मिळतात ते दुसऱ्या बंद पडलेल्या ऐबोंचेच. म्हणून भाग काढण्यापूर्वी चिबा प्रांतातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात त्यांचे विधी होऊ लागले, २०१५ पासून. हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. दसऱ्याला शिलाई मशीन आणि पान्हे-पक्कडींशेजारी त्यांनी त्या बंद २१० लाही बसवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. त्यानंतर मी त्याचा पहिला स्क्रू काढला. त्याचा उजवा कान आज खंड्याच्या डोक्यावर आहे.

घ्यायचाच असेल तर विकणाऱ्याकडून फोटो मागू नका, न तोडलेला व्हिडिओ मागा: छातीवरचं बटण दाबणं, चारही पायांवर उभं राहणं, मान पूर्ण वर नेऊन तिथे धरून ठेवणं, दोन्ही कान हलणं. स्टिक आणि चार्जर सोबत आहेत का ते विचारा, कारण वेगळे घ्यायला गेलात तर अंगावर येतं. कस्टम ड्यूटी आणि नव्या सेलचा खर्च आधीच किमतीत धरा. आणि सतरंजी पसरून ठेवा.