‘फिरवून देतो’वाल्या दुकानाबद्दल
विद्यापीठाच्या गेटसमोरचं टायपिंग-बाइंडिंगचं दुकान. बाइंडिंग झकास, सोनेरी अक्षरं अगदी सरळ. पण साहित्यचौर्य तपासायला तिथे जाऊ नका. माझ्या प्रबंधाच्या रिपोर्टमध्ये इतरांच्या मजकुराशी १८ टक्के साम्य आलं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच चालतं. काका म्हणाले, “मॅडम, ५०० रुपयांत वाक्यं फिरवून देतो.” नमुन्याला एक पान दिलं, तर ‘जमीन महसूल’चं ‘भूमी उत्पन्न’ झालं! मजकूर दुसऱ्याचाच, वर तळटीपही गायब. घरी येऊन रिपोर्ट नीट बघितला. जुळणाऱ्या मजकुरावरचा निम्मा लाल रंग संदर्भसूचीवर, जी नियमानुसार मोजायचीच नसते. यांनी ती वगळलीच नव्हती. उरलेल्या तीन उताऱ्यांना मी अवतरणचिन्हं नि तळटिपा दिल्या, ग्रंथालयात पुन्हा तपासून घेतलं. ७ टक्के. बाइंडिंगला मात्र काकांकडेच गेले.