जुनी स्टीलची बोट आणि डच वसंत: वापरानंतरचा अनुभव

गेल्या शरदात आम्ही साडेनऊ मीटर लांबीची वापरलेली मोटरबोट घेतली. राहतो नेदरलँड्समध्ये, आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवेनला, बोट असते आल्समीरच्या तळ्यावर. हिवाळा रंगरंगोटीत गेला आणि खरा वापर झाला तो वसंतात. इथल्या मराठी मंडळींत "परवडते का? झेपते का?" अशी चौकशी सारखी होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवान्याची भीती आधी काढून टाकते. बोट १५ मीटरपेक्षा लहान असेल आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त पळू शकत नसेल, तर नेदरलँड्समध्ये परवाना लागत नाही. आमची जेमतेम बारापर्यंत जाते, तीही कुरकुरत. अनेक अरुंद कालव्यांत वेगमर्यादाच ताशी ६ असते, त्यामुळे मोठ्या इंजिनासाठी जादा पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. आठच्या वेगाने आमचं जुनं डिझेल इंजिन तासाला अडीच लिटरच्या आसपास पितं. अकराला नेलं की दुपटीहून जास्त, आणि मागच्या लाटेने काठावरची बदकं हलतात ती वेगळीच.

पैसे मोजायचे ते उंचीसाठी, म्हणजे कमी उंचीसाठी. पाण्यापासून बोटीच्या सर्वात वरच्या टोकापर्यंतचं अंतर हाच इथला कळीचा आकडा. विकणाऱ्या दलालाच्या कागदावर २.४० मीटर लिहिलं होतं. आम्ही टेप लावून मोजलं तर दिव्याची काठी आणि अँटेना धरून २.५५ भरलं. हे पंधरा सेंटिमीटर क्षुल्लक नाहीत. २.५० मीटर उंचीच्या, न उघडणाऱ्या पुलाखालून जाता येणार की उलटं फिरून अर्धा दिवस घालवायचा, हे त्यावर ठरतं. काठी आता बिजागरीवर आहे, पाडता येते.

उघडणाऱ्या पुलांचं वेळापत्रक हा दुसरा धडा. एप्रिलपासून बहुतेक ठिकाणी उन्हाळी वेळा सुरू होतात, पण सकाळ-संध्याकाळ ऑफिसच्या गर्दीत अनेक पूल बंद, आणि कुठे कुठे पूलवाल्याची जेवणाची सुट्टीही पाळली जाते. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे आता उघडतोय, दोन लाल एकावर एक म्हणजे आज काही खरं नाही, चहा टाका. २७ एप्रिलला, राजाच्या वाढदिवशी, आम्स्टरडॅमच्या दिशेला फिरकूही नका.

आमचा लाडका मार्ग घरापासूनच सुरू होतो: हार्लेममीरभोवतीचा रिंगफार्ट कालवा. १८४९ ते १८५२ मध्ये वाफेच्या पंपांनी एक आख्खं सरोवर उपसून जमीन काढली, त्या जमिनीला वळसा घालणारं हे पाणी. गंमत अशी की कालवा वर आणि शेतं चारेक मीटर खाली. डेकवर उभं राहिलं की घरांची छपरं डोळ्यांच्या पातळीवर येतात. एके ठिकाणी तर ए-४ महामार्ग कालव्याखालून जातो. १९६१ चा जलसेतू आहे तो. खाली गाड्या तुंबलेल्या, वर आपण ताशी सहाने.

मात्र बोटीतून ट्यूलिपची शेतं दिसतील ही आशा फारशी ठेवू नका. लिसपाशी बोट बांधायची आणि घडीच्या सायकली काढायच्या. फुलं ऐन बहरात असताना शेतकरी त्यांची मुंडकी छाटतात, कारण त्यांना जमिनीतला कंद पोसायचा असतो, फूल नव्हे. त्यामुळे आठवडाभर उशीर झाला तर नुसती हिरवी पानं बघून परत यावं लागतं.

सासरे-सासूबाई एप्रिलमध्ये आले होते, तेव्हा फेख्त नदीवर गेलो. माउडन ते युट्रेख्त, काठावर सतराव्या-अठराव्या शतकातल्या आम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांचे बंगले आणि बागा. सासरे वेंगुर्ल्याचे. डच कंपनीची वखार त्यांच्या गावात अजून भग्नावस्थेत आहे. ब्रॉयकेलनजवळ एका बंगल्याकडे बघत ते म्हणाले, "आमच्याकडची वखार पडली, हेंची घरां बघ कशी उभी आसत." त्यावर मी काय बोलणार? गरम थालीपीठ वाढलं. दोन शेगड्यांच्या गॅसवर स्वयंपाक उत्तम होतो, फक्त फोडणीचा वास दोन दिवस गाद्यांतून जात नाही.

त्या नदीकडे जाताना आम्स्टरडॅम-ऱ्हाइन कालव्याचा तुकडा लागतो, तो मला आवडत नाही. शंभर मीटरहून लांब मालवाहू जहाजं, आणि पत्र्याच्या काठांवर आपटून परत येणाऱ्या लाटा. उजवा काठ धरून मुकाट चालायचं.

आता हीटर. या विषयात डच वसंतावर विश्वास ठेवू नका. इथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत शेवटच्या थंडीचे दिवस मोजण्याची जुनी रीत आहे. एप्रिलच्या शेवटी लेक नदी ओलांडून मेरवेडे कालव्याने लिंगे नदीवर गेलो. आस्पेरनच्या जवळपास मुक्काम होता आणि त्याच रात्री डिझेल हीटर बंद पडला. सासूबाई माकडटोपी घालून, दोन रजया पांघरून बसून राहिल्या. सकाळी बांधावर चढलो तर बागेतली फुललेली झाडं बर्फाने मढलेली. दंव पडणार म्हटलं की बागायतदार रात्रभर झाडांवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि आतली कळी शून्याच्या फार खाली जात नाही. सासूबाई टोपीसकट तिथे तासभर उभ्या होत्या. हीटरचा तंत्रज्ञ मात्र तीन आठवड्यांनी उगवला आणि निदान काय, तर बॅटरीचा व्होल्टेज कमी. बारीक वायरीत व्होल्टेज वाटेतच कमी होतो, म्हणून हीटरसाठी जाड वायर टाकून घ्या.

बाकी किरकोळ. २००९ पासून संडासाचं पाणी बाहेर सोडायला बंदी आहे, म्हणून टाकी हवीच. चार माणसांत ती लवकर भरते आणि उपसणारा पंप दर धक्क्यावर नसतो. बो-थ्रस्टर, म्हणजे पुढचं टोक आडवं ढकलणारा छोटा पंखा, वाऱ्यात धक्क्याला लागताना भांडणं वाचवतो. घेताना पत्र्याची जाडी तज्ज्ञाकडून मोजून घ्या. तळाशी जस्ताचे ठोकळे (स्वतः झिजून पत्र्याला गंजापासून वाचवणारे) लावलेले असतील आणि तुम्ही गोड्या पाण्यातच फिरणार असाल, तर मॅग्नेशियमचे लावा. जस्त खाऱ्या पाण्यासाठी.

नवऱ्याला आता वाल नदीवरून नायमेखनला जायचंय. तिथला प्रवाह जोराचा, आणि समोरचं जहाज निळी पाटी आणि लुकलुकता पांढरा दिवा दाखवून नेहमीच्या उलट बाजूने जातं. परवाना कायद्याने लागत नसला तरी त्याने आधी परवान्याचा कोर्स करावा, असं मी सांगितलंय. पुस्तक आणलंय, अजून उघडलेलं नाही.