अहमदाबादची जनमार्ग बस: एका पुणेकराकडून पाचपैकी चार

अहमदाबादला कामानिमित्त जाणं होत असतं आणि तिथं फिरायला मी रिक्षापेक्षा जनमार्गच धरतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. जनमार्ग म्हणजे तिथली बीआरटी, बसला स्वतःची वेगळी लेन नि स्टेशनं असलेली सेवा; पुण्याचा असल्यामुळे बीआरटी म्हटलं की तोंड आपोआप वाकडं होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

तर स्टॉप म्हणजे फुटपाथवरची शेड वगैरे नाही. रस्त्याच्या मधोमध बंदिस्त स्टेशन, आत शिरतानाच खिडकीवर तिकीट काढायचं नाहीतर कार्ड टेकवायचं आणि मग फलाटावर जाऊन उभं राहायचं. बस येते, दार उजव्या बाजूला, फलाट आणि बसची फरशी एका लेव्हलला. शिवरंजनीला एक आजी बघितल्या, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचं बोट, अशा चालत चालत थेट आत गेल्या, ना पायरी ना दांड्याला लोंबकळणं, ना मागून कुणाचं "ओ मावशी, चला लवकर". आणि आत कंडक्टरच नाही! सुट्ट्यावरून भांडणार कुणाशी? उतरणारे उतरले, चढणारे चढले की बस सुटली. बीआरटीला वेगळी लेन लागतेच, पण स्टॉपवर हे असे मिनिट मिनिट वाचतात ना, त्यांची दिवसभरात केवढी बेरीज होते राव.

हे काही त्यांनी घरी बसून शोधलेलं नाही. ब्राझीलमधल्या कुरितीबानं १९७४ मध्ये बसला स्वतःची लेन दिली, कोलंबियातल्या बोगोटानं त्यावरून २००० साली ट्रान्समिलेनिओ ही बससेवा काढली, आणि अहमदाबादनं बोगोटाचं बघून २००९ मध्ये आरटीओ ते पिराणा असा साडेबारा किलोमीटरचा पहिला पट्टा चालू केला, आखणी त्यांच्याच सेप्ट युनिव्हर्सिटीकडून करून घेतली. आता खरी चिडचिड पुढे आहे. पुण्यानं हे त्यांच्या तीन वर्षं आधी, २००६ मध्येच, कात्रज-स्वारगेट-हडपसरला सुरू केलं होतं, देशात सगळ्यात आधी! पण आपण काय उचललं, तर लेन. कठडे घातले, बोर्ड लावले, तिकीट मात्र बसमध्येच फाडायचं. २०१५ ला रेनबो नावाची पुण्याची नवी बीआरटी आली तेव्हा मधली स्टेशनं आली, उजवीकडची दारं आली, सगळं अगदी तसंच दिसायला लागलं, पण कंडक्टर गर्दीतून वाट काढत तिकिटं फाडतोय ते फाडतोयच. म्हणजे लग्नाचा हॉल, मांडव, बँड सगळं झालं, भटजींना सांगायचं राहिलं. नगर रोडवरची बीआरटी तर शेवटी उखडूनच टाकली. दिल्लीवाल्यांनीही २००८ ला सुरू केलेली मोडीतच काढली, तेवढंच आपल्याला समाधान.

अजून एक, सुरुवात कुठून करायची हे अहमदाबादवाल्यांना बरोबर कळलं. जुन्या शहरातल्या गर्दीत न घुसता आधी १३२ फुटी रिंग रोडसारखा ऐसपैस रस्ता धरला, त्यामुळे कुणाच्या दुकानासमोरचं पार्किंग जाण्याआधी लोकांना बस चांगली आहे हे दिसलं. आपण थेट सातारा रोड नि सोलापूर रोडवर हात घातला, म्हणजे पहिल्या दिवसापासून शिव्या. आणि त्यांच्याकडे बस चालवणाऱ्या कंत्राटदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, कमी पॅसेंजर बसले म्हणून त्याचं नुकसान नाही, त्यामुळे चार डोकी जास्त मिळावीत म्हणून ड्रायव्हरनं शर्यत लावायचा प्रश्नच येत नाही. हे पेपरात कधी फोटोसकट छापून येणार नाही, अभ्यासदौऱ्यावर गेलेल्या नगरसेवकालाही दिसणार नाही, पण बघायचं तर हेच बघायला पाहिजे.

सगळं गोडगोडही नाहीये. दारं फक्त उजवीकडे असलेली बस कॉरिडॉरच्या बाहेर साध्या स्टॉपवर लागू शकत नाही, त्यामुळे तिथून पुढे लाल एएमटीएस, म्हणजे शहराची साधी बस, नाहीतर रिक्षा आलीच. लेनमध्ये बाइकवाले घुसतात म्हणून तोंडाशी आपोआप उघडबंद होणारी गेटं बसवावी लागली, यावरून काय ते समजा. नेहमी जाणार असाल तर कार्ड काढून ठेवा, खिडकीवरची लाइन वाचते.

एक स्टार कापलाय तो स्टेशनच्या जागेसाठी. रस्त्याच्या मधोमध म्हणजे जाताना-येताना अर्धा रस्ता चालत्या ट्रॅफिकमधून ओलांडणं आलं. झेब्रा क्रॉसिंग आहे की, पण तिथल्या गाडीवाल्याला त्याची किंमत पुणेकराइतकीच.